राक्षस आणि जिना

मध्ययुगीन मराठी आख्यानकाव्याच्या अभ्यासात ज्याचे आयुष्य गेले, अशा माणसाने ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकाल्पनिकेविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. मलाही ते बराच काळ तसेच वाटत होते. परंतु ज्या प्रश्नाला मी माझ्या प्रबंधात बगल दिली, तो प्रश्न मला अखेर या मालिकेच्या चाहत्यांच्या वादानेच विचारला. तेव्हा ऋण मान्य करणे भाग आहे.

१९८८ च्या शरदात मी एका संशोधनवृत्तीवर उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात होतो. राहण्याची सोय विद्यार्थ्यांच्या एका जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर झाली होती. वयाच्या तिसऱ्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे माझा डावा पाय तेव्हाही कॅलिपरमध्ये असे. त्या घराचा लाकडी जिना अरुंद आणि उभा होता. दिवसातून एकदा उतरायचे आणि एकदाच चढायचे, असा मी नेम केला होता. विसरलेले पुस्तक मग दुसऱ्या दिवशीच हाती येई.

त्या घरातील चौघेजण 'डॉक्टर हू' या मालिकेचे निस्सीम भक्त होते. बीबीसीने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू केली. काळातून प्रवास करणारा एक परग्रहवासी 'डॉक्टर', निळ्या पोलीस-पेटीच्या रूपातील त्याचे 'टार्डिस' हे यान आणि त्याला भेटणारे नाना तऱ्हेचे राक्षस, एवढाच तिचा कच्चा आराखडा. पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे, ही माहिती मला त्या मुलांनीच मोठ्या अगत्याने दिली. जणू त्यामुळे मालिकेत माझाही काही वाटा ठरत होता.

राक्षसांत अग्रमान डालेकांचा. टेरी नेशन या लेखकाने ते कल्पिले आणि डिसेंबर १९६३ मध्ये ते पडद्यावर आले. मिरपूडदाणीसारखे धातूचे कवच, त्यातून बाहेर आलेला एक डोळा, चिरका यांत्रिक आवाज आणि आपल्याहून भिन्न ते सारे नष्ट करण्याची एकच वासना. नेशन यांचे बालपण महायुद्धात गेले होते. डालेकांवर नाझींची छाया आहे ती उघडच आहे. ब्रिटिश मुले सोफ्याआड दडून हे प्रकरण पाहत. मोठी झाल्यावर मात्र ती त्यांना हसू लागली, कारण डालेक जिना चढू शकत नाही. विश्व पादाक्रांत करू पाहणारा राक्षस चार पायऱ्यांपुढे हतबल! हा विनोद त्या देशात सर्वतोमुखी होता. आमच्या घरातही तो रोज होई, आणि माझी चाहूल लागली की एकदम थांबे. ती मुले सुसंस्कृत होती. त्यांच्या त्या थांबण्याचा मला विनोदापेक्षा अधिक त्रास होई.

५ ऑक्टोबर १९८८, बुधवार. मालिकेच्या पंचविसाव्या वर्षातील 'रिमेम्बरन्स ऑफ द डालेक्स' या कथेचा पहिला भाग. शाळेच्या तळघरातून डॉक्टर पळत जिना चढतो. वरचे दार बंद. खाली डालेक येतो. प्रेक्षकाच्या ओठांवर तो जुना विनोद येतो न येतो तोच डालेक जमिनीपासून अधांतरी उचलला जातो आणि संथपणे पायऱ्यांवरून वर येऊ लागतो. खोलीत कोणी बोलेना. मग वादाला तोंड फुटले. एक म्हणाला, हा विनोदाचा योग्य सूड आहे. दुसऱ्याच्या मते तीन वर्षांपूर्वी डॅव्हरॉस तरंगला होता, तेव्हा यात नवे काहीच नाही. तिसऱ्याला वाटत होते की राक्षसाची उणीव हीच त्याची ओळख, ती काढली तर उरले काय? मी गप्प होतो. खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता, आणि एका संहारक यंत्राच्या जिना चढण्याने आपल्याला आनंद व्हावा याची लाजही वाटत होती.

त्याच्या तीनच दिवस आधी, २ ऑक्टोबरला, भारतात बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' दूरदर्शनवर सुरू झाले होते. परतल्यावर मी ते पाहिले. त्यातला शकुनी लंगडतो. व्यासांच्या संहितेत शकुनी लंगडा असल्याचे कोठेही सांगितलेले नाही. तरी कोणाही प्रेक्षकाला ते खटकले नाही, कारण कपटी माणसाची चाल वाकडी असावी हा संकेत आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे. मीही त्याविषयी चकार शब्द लिहिला नाही.

यथाकाल १९८९ मध्ये ती इंग्रजी मालिका बंद पडली. त्या घरातील एकाशी माझा पत्रव्यवहार मात्र टिकला. त्याच्या पत्रांतून मला चाहत्यांच्या जगाचा परिचय होत गेला आणि आमच्या पाठचिकित्सेशी असलेले त्याचे साम्य पाहून मी चकित झालो. साठच्या दशकातील अनेक भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्या. नव्वदीहून अधिक भाग आजही अनुपलब्ध आहेत. परंतु त्या प्रत्येक भागाचा ध्वनी शिल्लक आहे, कारण काही मुलांनी घरोघरी दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रक ठेवून तो जपला होता. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली तरी लोकांच्या मुखी तरली, ही आख्यायिका आठवावी असाच हा प्रकार. १९९१ मध्ये हाँगकाँगहून १९६७ ची सायबरमनांची एक हरवलेली कथा परत मिळाली. न पाहता जिची सर्वश्रेष्ठ म्हणून कीर्ती झाली होती, ती प्रत्यक्ष पाहून माझा मित्र हिरमुसला. 'स्मरणातली प्रत अधिक शुद्ध होती,' असे त्याने लिहिले. मूळ संहिता आणि तिचा स्मृतीतील पाठ यांतील हा तंटा प्रत्येक अभ्यासकाच्या परिचयाचा आहे.

२००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुनरुज्जीवित केली. आता प्रश्न उभा राहिला तो जुन्या राक्षसांचे काय करायचे हा. त्या वर्षीच्या एका भागात एकच डालेक येतो: एका धनाढ्य अमेरिकनाच्या भूमिगत संग्रहालयात साखळदंडांनी जखडलेला, आपल्या वंशातला शेवटचा. त्याला ठार करायला शस्त्र घेऊन धावणारा डॉक्टरच अधिक क्रूर भासतो. आणि तो डालेक अखेरीस कवच उघडून ऊन अनुभवतो व स्वतःचा अंत करतो. काही चाहत्यांना हा जुन्या राक्षसाचा उत्कर्ष वाटला. काहींना वाटले, दया आली की डालेक संपला. २०१० मध्ये डालेकांना नवा रंगीत, पाठीवर उंचवटा असलेला आकार दिला, तेव्हा चाहत्यांचा इतका रोष झाला की तो आकार लवकरच मागे पडला. या वादांना कोणी पोरकटपणा म्हणेल. मला ते भाष्यकारांच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षासारखे वाटतात. ज्या समाजाला आपली भीती कोणत्या रूपात पाहावी याविषयी मते आहेत, तो समाज जागा आहे.

मला प्रत्यक्ष स्पर्श झाला तो नोव्हेंबर २०२३ मधील वादाचा. डालेकांचा निर्माता डॅव्हरॉस हा वैज्ञानिक १९७५ च्या 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' या कथेत प्रथम आला. विद्रूप चेहरा, एकच चालता हात आणि डालेकाच्या खालच्या अर्ध्या भागासारखी चाकांची खुर्ची. मालिकेच्या साठाव्या वर्षी एका धर्मादाय कार्यक्रमातील छोट्या प्रवेशात मात्र तो धडधाकट, उभा असा दाखवला गेला. अपंगत्वाची सांगड दुष्टतेशी घालण्याची जुनी परंपरा आपल्याला पुढे चालवायची नाही, असे डेव्हिस यांनी स्पष्ट केले. चाहत्यांत दोन तट पडले. विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. डालेकाचा आकार मुळात रेमंड क्युसिक या रचनाकाराने आत बसलेल्या माणसाभोवतीच आखला होता. निर्मात्याची खुर्ची हाच त्याच्या निर्मितीचा पहिला खर्डा, हा अर्थ मग हरवतो. शिवाय डॅव्हरॉस दुबळा नव्हता. तो बुद्धीने साऱ्यांना पुरून उरणारा होता. त्याला उभे करणे म्हणजे खुर्चीतील माणसाला कथेतून हाकलणेच नव्हे काय?

मित्राने माझे मत विचारले. मी उत्तर लिहायला बसलो आणि लिहू शकलो नाही. त्याऐवजी मी कपाटातून माझा प्रबंध काढला.

इंदूरच्या मराठी शाळेत मी सहावीत असताना स्नेहसंमेलनात रामायणावरचे नाटक होते. मला राम नको होता, पण सुमंत्र तरी मिळावा असे वाटत होते. त्याचे संवाद मला पाठ होते. बाईंनी मला मंथरा दिली. 'याला वेगळा अभिनय करावा लागणार नाही,' असे त्या दुसऱ्या शिक्षकांना म्हणाल्या, तेही कौतुकाने. मला पहिले बक्षीस मिळाले. घरी आल्यावर आईने बक्षिसाचा पेला फडताळात मागे, डब्यांच्या आड ठेवला आणि त्याविषयी ती कधी काही बोलली नाही.

पंधरा वर्षांनी मी प्रबंध लिहिला तो आख्यानकाव्यातील खलपात्रांवर. 'देहवक्रता आणि मनोवक्रता' हे त्यातील प्रकरण परीक्षकांनी विशेष वाखाणले होते. शारीर व्यंग हे अंतरीच्या कुटिलतेचे समर्थ प्रतीक कसे ठरते, हे मी त्यात सोदाहरण दाखवले आहे. 'समर्थ' हा शब्द माझाच. आता मी ती उदाहरणे मोजली. अकरा व्यंगयुक्त पात्रे. त्यांपैकी दहा दुष्ट वा हास्यास्पद. अकरावा अष्टावक्र. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाने जनकाच्या सभेत पंडितांना जिंकणारा तो ऋषी माझ्या सिद्धान्ताला अडचणीचा होता, म्हणून मी त्याला तळटीपेत टाकले होते.

बाईंनी मला मंथरा केले त्याचे दुःख मी आयुष्यभर बाळगले. परंतु बाईंच्या त्या वाक्याला शास्त्राचे अधिष्ठान मीच दिले होते, आणि ते साठी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

मग मित्राला उत्तर लिहिले. डॅव्हरॉसला उभे केल्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही, असे मी कळवले. आपल्या पुराणांत कृष्णाने कुब्जेला सरळ केले. ती त्याची कृपा खरी, पण वाकड्या देहाला सुंदर होण्याची दुसरी वाट कथेत उरली नाही. दोष खुर्चीत नाही, खुर्चीत नेहमी एकाच जातीचा माणूस बसतो यात आहे. म्हणून मला त्या प्रवेशापेक्षा पुढच्याच आठवड्यातील भाग महत्त्वाचा वाटतो. त्यात शर्ली बिंगहॅम ही शास्त्रज्ञ चाकांच्या खुर्चीतून येते, थट्टेखोर, हुशार आणि निर्भय. तिची भूमिका करणारी रूथ मॅडेली ही अभिनेत्री स्वतः चाकांची खुर्ची वापरते. त्याच भागात टार्डिसचा अंतर्भाग नव्याने उभारलेला दिसतो: पायऱ्यांऐवजी उतार. अशा शर्ली पुरेशा झाल्या, तर डॅव्हरॉसनेही खुशाल आपल्या खुर्चीत बसून दुष्टावा करावा. तोवर त्याला काही काळ उभे राहू दिले, तर बिघडत नाही.

मित्राला हे पटलेले नाही. वाद अजून चालू आहे. इकडे प्रबंधाची दुसरी आवृत्ती काढण्याची सूचना प्रकाशकांनी केली, तेव्हा मी एक अट घातली. ते प्रकरण पुन्हा लिहीन, आणि त्याची सुरुवात तळटीपेतल्या माणसापासून करीन.