पुतण्याचा पेला

करमाळ्याच्या ज्वारीच्या रानात वाढलेल्या आम्हांला बियरची गोडी कधीच लागली नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलॅली’ निघाली आणि पुढे ताजी बियर जागीच बनविणारी ठिकाणे वाढली. हे नाव आपल्या देवळालीचे! मायदेशीच्या बोटीची वाट पाहत तेथील छावणीत रखडलेल्या गोऱ्या शिपायांच्या भ्रमिष्टपणाला तो शब्द पडला.

अशाच एका ठिकाणी पुतण्याने आम्हांला नेले. मोड आणून वाळविलेले जव, होप्सची फुले, यीस्ट, पाणी. बेल्जियमचे ट्रॅपिस्ट मठवासीही यातूनच बियर करतात. कडवटपणा होप्सचा. गव्हाची बियर त्यातल्या त्यात सुसह्य वाटली. लिंबूसरबत अधिक बरे!

त्याच्या वडिलांना, आमच्या धाकट्या भावाला, हातभट्टीने नेले. आम्ही चव कसली घेतो? त्याचे पेले मोजीत होतो. एक संपला. त्याने बिल मागविले.