बोटावरचा आकडा

आमच्या मुळगावच्या घरात साखर मोजायचं काम माझं. वडलीमायचं बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, पाच सेकंद थांबायचं, आकडा वहीत लिहायचा. तो आकडा म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

गेल्या मे महिन्यात एकदा ३१२ आला.

"काय खाल्लंस? खरं सांग!"

"काहीच नाही गो. तुझ्यासाठी मानकुराद कापले, तेवढंच."

मी विश्वास ठेवला नाही. आठवडाभर तिचा रात्रीचा भात निम्मा केला.

पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि तो रक्तात पसरला. आयसीयूत रक्तदाब टिकवायला एक औषध चालू होतं, साखरेसाठी इन्सुलिन. शेजारणी केळबाईला नारळ बोलल्या, घरी मम्मी मिलाग्रिस सायबिणीला तेर्स म्हणत होती. आमच्याकडे या दोघी बहिणीच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सने बोट टोचलं: १२१. मला हायसं वाटलं. डॉक्टरांना मात्र नाही. त्यांनी मनगटातल्या धमनीत घातलेल्या नळीतून रक्त घेऊन ब्लड गॅसच्या मशीनवर लावलं. ६६! इन्सुलिन लगेच थांबवलं.

मी म्हटलं, मशीन बिघडलं असणार. डॉक्टर म्हणाले, मशीनपेक्षा बोट बघ. बोटं गार होती आणि सुजलेली. रक्तदाब पडला की शरीर आधी मेंदू-हृदयाला रक्त पुरवतं. कुळागरात पाटाचं पाणी कमी झालं की कडेच्या माडांचं होतं तेच बोटांचं होतं. त्यात तिचं हिमोग्लोबिन कमी. तांबड्या पेशी कमी असल्या की असं मशीन साखर असते त्याहून जास्त दाखवतं. आणि गुंगीतल्या माणसाला साखर उतरली तरी 'घाम सुटलाय, गरगरतंय' असं सांगता येत नाही. चुकून जास्त आलेला आकडा म्हणूनच भयंकर: खरी साखर घसरत असते आणि इन्सुलिन चालूच राहतं.

मी साहित्याची, पण त्या रात्री झोप कुठली. मोबाईलवर वाचत बसले. २००९ साली 'नाइस-शुगर' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. आयसीयूतले सहा हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. ज्यांची साखर ८१ ते १०८ मध्ये काटेकोर ठेवायची होती, त्यांच्यातले २७.५ टक्के नव्वद दिवसांत दगावले. १८० पर्यंत मोकळीक दिलेल्यांतले २४.९ टक्के. साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाणही पहिल्या गटात कितीतरी जास्त, ६.८ टक्के विरुद्ध ०.५. इतक्या अरुंद पट्ट्यात चालायचं तर मोजमाप किती अचूक हवं! घरगुती मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभराखालच्या साखरेला पंधराचा फरक चालतो. म्हणजे खरी ७० असताना ८५ दाखवलं तरी मशीन पास. घरी ठीक आहे हो, पण तिथे?

तिथेच पुढे आणखी एक ओळ सापडली. फळ हाताळल्यावर बोटाला लागलेली साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच चढतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट जात नाही, हात पाण्याने धुवावे लागतात.

मानकुराद.

वडलीमाय घरी आली त्याला आता तीन महिने झाले. परवा धीर करून तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा भात फुकट कापलास," एवढंच म्हणाली आणि हात धुवायला मागल्या दारी गेली.