मागचं इंजिन

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला आली की पुढचा घाट चढवायला तिच्या मागे आमची इंजिनं लागतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. या बँकरवर मी बरीच वर्षं काढली. न्यूटनचा दुसरा नियम शाळेत पाठ केला होता, पण हाताला लागला तो इथेच.

यार्डात लाइट इंजिन, म्हणजे डब्यांविना एकटं इंजिन, नेताना खेचीचे एक-दोन नॉच (टप्पे) दिले की ते लगेच पळू लागतं. इंजिन 123 टनांचं. त्यालाच बाराशे टनांचे डबे जोडले, की तेवढ्याच खेचीत वेग वाढण्याचा दर दहा-अकरा पटींनी घटतो. तोही सपाटीवर.

घाटाचा चढ 37 ला 1. म्हणजे गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, जवळजवळ 36 टन, तिला सतत खाली ओढत असतो. पुढच्या डब्ल्यूएपी-7 इंजिनाची जास्तीत जास्त खेच साधारण 33 टन. वर नेणं सोडाच, एकट्याच्या जोरावर ते गाडी जागेवर धरूनही ठेवू शकत नाही.

खरी कसोटी लागते ती घाटात सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा उचलताना, त्यातून पावसाळा असेल तर विचारूच नका. पुढून शिट्टी येते, आम्ही शिट्टीनं उत्तर देतो आणि एकेक नॉच वाढवत जातो. ॲमीटरचा काटा चढतो, मोटारी घुमू लागतात, गाडी मात्र जागची हलत नाही. नव्या सहायकाला वाटतं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. आमचा सगळा जोर अजून त्या मागच्या ओढीची फेड करण्यातच जात असतो. ती फिटल्यावर जेवढा उरेल, तेवढाच गाडीला वेग देतो, आणि तोही शेकडो टनांत वाटला जातो. म्हणून सुरुवात इतकी संथ. घाई करून नॉच वाढवले, तर ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी फिरतात. मग वाळू सोडावी लागते. मोटारीत कितीही दम असो, चाकाची रुळावर पकड जेवढी, तेवढीच खेच गाडीपर्यंत पोचते.

शाळेत गुळगुळीत फरशीवरच्या ठोकळ्याची गणितं घालतात. माझं मत विचाराल तर मुलांना हा घाट द्यावा. कुठला जोर कशात खर्च होतो, ते इथे उघड दिसतं.

लोणावळ्याला चढ संपतो, बँकर सुटतात. घाटात जी गाडी पुढच्या इंजिनाला धरवत नव्हती, तीच ते आता एकटं पुण्याकडे पळवत नेतं. डबे तेच, खेचही तीच. मागे ओढणारे ते 36 टन तेवढे नसतात.