चार पेंढ्या चारा

तुळजापूर हे नाव देवनागरीत लिहिलं, तरी त्यातला 'ज' कसा म्हणायचा ते अक्षरावरून कळत नाही. धाराशिव जिल्ह्यात तो प्रश्नच कुणाला पडत नाही. तो 'जमीन'मधला ज, 'जन्म'मधला नव्हे. इंग्रजीत लिहिताना मात्र निवड करावी लागते. 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांच्या आडनावाच्या स्पेलिंगात 'जे' नाही, 'झेड' आहे.

दुष्काळी वर्षात गोठ्याशी उभं राहून कुणी म्हणतं, "चार पेंढ्या चारा टाक." लिहिताना 'चार' आणि 'चारा' यांत फरक फक्त एका कान्याचा. बोलताना पहिल्या शब्दात जीभ टाळूकडे उचलली जाते, दुसऱ्यात तिचं टोक दातांच्या मागे टेकतं.

व्याकरणही हा खेळ खेळतं. तुळजापूरचा रस्ता म्हणताना च दंत्य, तुळजापूरची वाट म्हणताना तालव्य. माझा-माझी, चमचा-चमचे, दरवाजा-दरवाजे: पुढे इ किंवा ए आला की व्यंजन आपोआप टाळूकडे सरकतं. पहिलीत जायच्या आधीच पोराच्या तोंडात हे बसलेलं असतं.

ही सवय एकट्या मराठीची नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठीच्या शेजारी नांदलेल्या तेलुगूतही च-ज असेच दोन तऱ्हांनी उच्चारले जातात. उमरग्याच्या पलीकडे सुरू होणारं कन्नड ळ उदंड वापरतं, पण प्रमाण कन्नडात च एकच, टाळूचा.

लांब अमेरिकेत, सिएटलच्या परिसरातल्या लुशूटसीड या सॅलिश भाषेतही दोन्ही 'च' आहेत. शिवाय घसा क्षणभर बंद करून झटक्यात सोडलेली त्यांची जोडीदार व्यंजनंही आहेत. तिथे या प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र अक्षर आहे. 1960च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ थॉम हेस यांनी वृद्ध भाषकांकडून ही भाषा टिपून घेतली. पुढे अप्पर स्कॅजिट जमातीच्या व्ही हिल्बर्ट यांनी ती वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवली. घरात बोलणारं माणूस उरत नाही, तेव्हा उच्चाराचा सगळा भार अक्षरावर येतो. मराठी लिपी या बाबतीत निष्काळजी राहू शकली, कारण तिचं काम घरोघरच्या आयांनी केलं.

अमराठी माणसांना मराठी शिकवणाऱ्या काही पुस्तकांत दंत्य च, ज, झ यांच्याखाली टिंब देतात. शाळेच्या नेहमीच्या पुस्तकाला त्याची गरज वाटलेली नाही. पण धाराशिवची कितीतरी घरं कामासाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत. तिथे इंग्रजी शाळेत जाणारं, हिंदीत खेळणारं पोर मराठी आधी कागदावर वाचतं आणि मग बोलतं. 'चारा'तला च ते 'चार'सारखाच म्हणतं. छापलेलं तर त्याने बरोबरच वाचलेलं असतं. ते टिंब खरं म्हणजे त्याच्या पुस्तकात हवं.