चालण्याचे मोल

दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ लिहून थोरोला मराठीत आणले, तेव्हापासून मराठी शिकवणाऱ्या आम्हांला तो परका वाटलेला नाही. त्याचा ‘वॉकिंग’ हा निबंध मात्र आमचे विद्यार्थी क्वचितच वाचतात. १८६२ साली, थोरोच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या या निबंधात एक धास्ती आहे : आज मोकळी असलेली भूमी उद्या कुंपणांनी वाटली जाईल आणि चालणारा घुसखोर ठरेल. ही धास्ती खाजगी मालकीची होती. सार्वजनिक वनाच्या तोंडाशीच पावती फाडली जाईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसावे.

१९९६ साली अमेरिकी काँग्रेसने प्रायोगिक शुल्कयोजना मंजूर केली. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातील चार राष्ट्रीय वनांत ‘अ‍ॅडव्हेंचर पास’ आला. दिवसाला ५ डॉलर, वर्षाला ३०. रक्कम मोठी नव्हे. शौचालये झाडायला, वाटा दुरुस्त करायला पैसा लागतो, हेही आम्हांला मान्य आहे. (सह्याद्रीत वनखात्याच्या नाक्यावर आम्हीही पावती घेतोच, कुरकुरत का होईना.) खटकते ते निराळेच.

त्याच वनांचा दुसरा गिऱ्हाईक लाकूडतोड्या कंपनी. तिच्याशी वनसेवेचा व्यवहार कसा होता? १९९२ ते १९९४ या तीन वर्षांत लाकूडविक्रीतून सुमारे ३०० कोटी डॉलर आले, पण सरकारी तिजोरीत जेमतेम दहावा हिस्सा पोचला. १९३० च्या एका कायद्यान्वये विक्रीतला पैसा पुनर्लागवडीसाठी खात्याकडेच राहू शके. म्हणजे विक्री तोट्यात गेली तरी खात्याचे अंदाजपत्रक फुगतच असे. अलास्कातील टोंगास वनात तर १९८० च्या कायद्याने लाकूडपुरवठ्यासाठी दरवर्षी किमान ४ कोटी डॉलर बांधून दिले होते. ही तरतूद १९९० साली रद्द झाली. झाडापर्यंतचा रस्ता लोकांच्या पैशातून व्हावा आणि त्याच लोकांनी झाडाखालून चालण्याचे दाम मोजावेत, याला काय म्हणावे?

मात्र एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांला नजरेआड करता येत नाही. १९०८ पासून वनाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्थानिक शाळा आणि रस्ते यांसाठी जात असे. तोड थांबावी असे म्हणणाऱ्याने त्या शाळांचे काय, याचेही उत्तर द्यायला हवे. आमच्यापैकी एकाला ते सोपे वाटते (सरकारने अनुदान द्यावे). दुसऱ्याला नाही, कारण अनुदानावर चालणारे महाविद्यालय दोघेही रोज पाहतो.

२००४ च्या कायद्याने प्रयोगाची जागा घेतली, पण त्यात एक मर्यादा घातली : कसलीही सोय न वापरता केवळ गाडी उभी करून चालत जाणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये. तरीही अ‍ॅरिझोनातील माउंट लेमन येथे ते घेतले जात राहिले. चार पदभ्रमंती करणाऱ्यांनी दाद मागितली आणि २०१२ साली नवव्या विभागीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र लहानसे आहे. न्यायालयाचा सारा भर क्रियापदांवर : वाहन ‘लावणे’, जागेतून ‘जाणे’, सोय ‘वापरणे’. व्याकरणाच्या तासाला आम्ही ते वाचून दाखवले तेव्हा वर्ग बराच वेळ वाद घालत होता, निसर्गावर नव्हे, ‘वापरणे’ या शब्दाच्या अर्थावर.