जुना फिल्टर फेकण्याआधी



तेल बदलायला बसलेला माणूस नवा फिल्टर दोनदा पुसून पाहतो आणि जुना कुंपणापलीकडे भिरकावतो. शहापूर-मुरबाडकडच्या गावांत कामानिमित्त फिरताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे, की कुंपणालगतचे गंजके डबे मोजून घरात ट्रॅक्टर किती वर्षे आहे ते सांगू शकेन! त्या डब्यात मात्र इंजिनाची गेल्या २५० तासांची हकीकत असते. ती न वाचताच आपण फेकून देतो.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, फिटर नव्हे. तरीही हा विषय मांडतो आहे, कारण त्याची गाठ शेवटी भाताशी आहे. हळव्या-निमगरव्या भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावलेले बरे. त्याच आठ-दहा दिवसांत गावाला चिखलणी हवी असते. ट्रॅक्टर तेव्हा बंद पडला तर मालकाचे भाडे बुडतेच, शिवाय ज्यांनी त्याच्या भरवशावर रोप वाढवले त्यांचे रोप राबात म्हातारे होते. मग फुटवे कमी आणि लोंब्याही कमी. म्हणून इंजिनाची तक्रार मे महिन्यातच कळलेली बरी.

जुन्या काही ट्रॅक्टरांत कागदी काडतूस भांड्यात बसवलेले असते, ते नुसते काढून पाहता येते. बंद पत्र्याचा डबा असेल तर तो रात्रभर उपडा ठेवून तेल निथळू द्या. छिन्नीने बाजूला भोक पाडून पत्र्याच्या कातरीने काठाजवळून कापा. चाकाचे कटर मिळाले तर उत्तमच, त्याने कीस पडत नाही. लोखंड कापायची करवत मात्र चालवू नका. मुरबाडकडचे एक गृहस्थ घाबरेघुबरे होऊन चुंबकाला चिकटलेली लोखंडाची पूड घेऊन माझ्याकडे आले होते. ती पूड इंजिनाची नव्हतीच, त्यांच्या करवतीनेच पाडलेली होती.

आतल्या कागदाच्या घड्या ब्लेडने कापून उन्हात पसरा. तेल दाबून काढा आणि मग जुन्या ताटलीत थोड्या डिझेलमध्ये खळखळा. घड्यांतले जे असेल ते तळाशी बसते. चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंड, म्हणजे रिंग, लायनर किंवा एखाद्या दातेरी चाकाची झीज. पांढरे, हलके, चमकणारे आणि न चिकटणारे ते बहुधा पिस्टनचे ॲल्युमिनियम. तांबूस-पिवळी चमक दिसली तर बुश किंवा बेअरिंगकडे संशय न्यावा. नवे इंजिन पहिल्या तेलबदलाला थोडी चकाकी देणारच, तिला भिऊ नका. जुन्या इंजिनातही बारीक काळी पूड सापडते. डोळ्यांना कण वेगळे दिसू लागले, की मात्र फिटरला बोलवा.

रेतीसारखे खरखरीत बोटाला लागले तर दोष तेलाचा नाही, हवेचा आहे. खळ्यावर मळणीला ट्रॅक्टर लावला की पेंढ्याची धूळ किती उडते ते आपण जाणताच. एअर क्लीनरच्या वाटीत तेल नसेल किंवा रबरी नळीला चीर असेल, तर ती धूळ सरळ लायनरपर्यंत जाते. इथे पट्टी आवळण्याचे किंवा नळी बदलण्याचे काम असते, पण ते वेळेवर झाले तर! कागद फुगलेला आणि तेल दुधाळ चहासारखे असेल तर पाणी शिरले आहे. गॅस्केट किंवा लायनरची रबरी रिंग पाहून घ्यावी लागेल. तेल पातळ, डिझेलचा वास आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर डिझेल तेलात उतरते आहे.

किन्हवलीकडच्या एका घरी दोन भावांत मिळून बँकेच्या कर्जावरचा एक ट्रॅक्टर आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिथे बियाणे-प्रक्रिया सांगायला गेलो होतो. ओटीवर थोरल्या भावाने फिल्टर कापून ठेवला होता, पण त्याला काही दिसेना. त्याची बायको सुपात तांदूळ निवडत होती. ती हात पुसून आली, कागद उन्हाकडे तिरका धरला आणि म्हणाली, “भाऊसाहेब, हे पिवळं काय चमकतंय? पितळेचा कीस वाटतोय.” चुंबकाला तो चिकटेना. रोज तांदळातला खडा टिपणारे डोळे ते, ते कसे चुकतील?

थोरल्याचे म्हणणे, “ट्रॅक्टर झकास चालतोय, तेलाचा दिवा लागत नाही. हप्ता तोंडावर असताना इंजिन कशाला उघडायचं?” त्याचेही खोटे नव्हते. धाकटा गप्प होता. तीच म्हणाली, “आवणीत बसला तर हप्ता भरायचा कशातनं?”

शहापूरहून फिटर आला. खालची तेलाची टाकी सोडून पाहतो तो दोन बेअरिंगांचा वरचा मऊ थर झिजून आतले तांबे उघडे पडलेले. क्रँकला मात्र अजून चरे नव्हते. बेअरिंगे बदलून भागले. हेच जुलैपर्यंत चालले असते तर क्रँक घासून आणायला काढावा लागला असता आणि चिखलणी तिथेच संपली असती.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या तेलाचा नमुना ठरावीक काळाने तपासून त्यात कोणता धातू किती आला ते पाहतात. लहान विमानांचे मेकॅनिकही तेलबदलाला फिल्टर कापून बघतात. आपल्याला तेवढी प्रयोगशाळा नको. कागदाची एक घडी वाळवून, तारीख आणि मीटरचे तास लिहून, पिशवीत घालून खिळ्याला अडकवा. पुढच्या वेळी दोन्ही घड्या शेजारी ठेवल्या की झीज वाढते आहे की नाही ते उमगते. पण फिल्टर वेळेवर बदलणे याहून महत्त्वाचे. तो गच्च भरला की त्यातली झडप उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. मग कागदावर काही सापडणार नाही आणि कचरा बेअरिंगवर बसेल. लहान पंपांच्या काही इंजिनांना कागदी फिल्टर नसतोच. तिथे जाळी आणि तळातला गाळ पाहावा.

काढलेले तेल ओहोळात ओतू नका. आपले ओहोळ भातसा-काळूला मिळतात आणि उन्हाळ्यात आपल्याच वाड्यांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. ते डब्यात साठवून जुने तेल अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्यावे. मुलांना त्यात हात घालू देऊ नका आणि आपलेही हात साबणाने धुवा. अंगणात सांडलेच, तर भाताचा तूस पसरून टिपून घ्या, आणि तो तूस गुरांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा.