व्ही, मुकुट, आर!

चाकूंतलं मला काहीही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते! कांदा चिरायची सुरी आणि आंब्याच्या दिवसांत बाहेर निघणारा एक बोथट चाकू, संपला माझा व्यासंग. पण सध्या माझ्या पर्समध्ये भिंग असतं. हो, भिंग! घरचे हसतात. हसू देत!

झालं काय, पुण्याच्या जुन्या बाजारात एक मिटता चाकू घेतला. गंजलेला, पातं झिजून निम्मं झालेलं, मूठ सांबरशिंगाची. घरी आणून पातं उघडलं, ते मुठीत शिरतं त्या सांध्यापाशी तेलाचे दोन थेंब सोडले, जुन्या टूथब्रशनं हळूहळू घासलं आणि मग एक अक्षर दिसलं, आणि मग दुसरं, आणि मग त्या दोघांच्या मधोमध चक्क एक मुकुट! व्ही, मुकुट, आर! व्हिक्टोरिया राणी! म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातला चाकू! आमच्या डायनिंग टेबलावर! आणि मग खाली 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स', आणि मग पातं उलटं केलं तर 'नंबर ६, नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड'! अहो, पत्ता! घर नंबरासकट! नखाएवढ्या जागेत! कसा ठोकला असेल हो?

आणि चांदणी! एक इवलीशी चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस. ही रॉजर्सची खूण, १७६४ पासूनची! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही चांदणी-क्रॉस बघून माल ओळखता यायचा. शेफिल्डच्या चाकूवाल्यांचा संघ तर १६२४ सालचा, पार्लमेंटच्या कायद्यानं झालेला, आणि कोणती खूण कोणाची याची नोंद तो ठेवायचा. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासून! मी हे रात्री वाचत बसले आणि मग झोप कसली येतेय!

बरं, त्या मुठीचंही ऐका. शेफिल्डचे कारखाने मुठींसाठी सांबरशिंगं हिंदुस्थानातून मागवायचे! म्हणजे शिंग इथून बोटीनं गेलं असणार आणि मूठ होऊन पुन्हा इथेच आलं असणार. मी त्या मुठीला उगाचच "आलास का परत?" असं विचारलं. कुणी ऐकलं नाही, नशीब.

आता तर सगळीकडे खुणाच दिसतात. जर्मनीतल्या झोलिंगेनची जुळी माणसं बघा, दोन चिमुकल्या आकृत्या, नोंदणी १७३१ ची! फ्रान्सच्या सॅव्हॉयमधल्या ओपिनेल चाकूच्या पात्यावर मुकुट घातलेला हात असतो, १९०९ पासून. आणि अमेरिकेतल्या 'केस' या चाकू कंपनीवाल्यांनी तर कमालच केली! १९७० साली नावाखाली दहा ठिपके मारले आणि मग दर वर्षी एकेक कमी करत गेले. ठिपके मोजा, साल सांगा! यापेक्षा सोपं पंचांग कुठे मिळेल?

एक युक्ती मात्र जपून वापरायची. पात्यावर देशाचं नाव नुसतं 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असं दिसलं, तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यानं तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. पण कायदा अमेरिकेचा! आपल्याकडे आलेल्या चाकूवर 'इंग्लंड' नाही म्हणून तो १८९१ च्या आधीचाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय नकलाही होत्याच. शेफिल्डचं नाव ठोकलेला जर्मन माल इतका यायला लागला की १८८७ साली ब्रिटननं त्याविरुद्ध कायदाच केला. म्हणून नुसत्या नावावर भाळायचं नाही. नाव, पत्ता, मुकुट आणि चांदणी यांचा मेळ बसतो का ते बघायचं. (बघा, काही कळत नाही म्हणत म्हणत मी उपदेश करायला लागले!)

तर आता उठा! माळ्यावरची हत्यारांची पेटी काढा, आजोबांच्या टेबलाचा खण उपसा. मिटता चाकू सापडलाच तर तेल, मऊ ब्रश आणि भिंग, बस्स! पॉलिश पेपर लावू नका, हात जोडते. पुसट खूण त्यानं कायमची जाते. आणि मुकुट दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं कोणती आहेत ते मला आधी कळवा!